काही लावलंय का काचेला?

नागपुरात मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, उन्हात उभी असलेली गाडी उघडण्याची एक रीत आहे. आधी चारही दारं उघडायची आणि चार पावलं मागे सरायचं. आतली हवा बाहेर पडत असते, तिच्या वाटेत उभं राहायचं नाही. मग ओढणीचं टोक हाताला गुंडाळून स्टिअरिंग धरायचं. सीटबेल्टचं बक्कल जो उघड्या बोटांनी धरतो आणि मग किंचाळतो, तो पाहुणा हमखास पुण्याहून आलेला असतो.

२३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण वेधशाळेचा तो पारा झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, खेळत्या हवेत राहतो. त्याचं तसं बरं चाललेलं असतं. त्याला माझ्या गाडीच्या काळ्या डॅशबोर्डवर नेमलं असतं, तर त्याने आठवड्यात महाबळेश्वरला बदली मागितली असती.

घरासाठी आमच्याकडे हजार उपाय आहेत. कूलर आहे, त्याचे वाळ्याचे ताटे आहेत, गच्चीवर हिरवी जाळी आहे, पन्हं आहे, आणि नवतपा लागला की खिशात कांदा आहे. गाडीसाठी उपाय एकच, कडुनिंबाखालची जागा. ती सकाळी आठला शेजारच्यांनी घेतलेली असते. शेजारी निवृत्त आहेत, गाडी कुठेही नेत नाहीत. जागा जाईल म्हणून.

तेव्हा काचांना फिल्म लावायची, असं आमच्याकडे ठरलं. ठरताक्षणी माझे धाकटे दीर हजर झाले. भाऊजींची या विषयात शहरभर ख्याती आहे. त्यांची मोठी पांढरी गाडी, नंबर ८०५५ (तो पाटीवर 'बॉस' असा वाचायचा असतो), आणि काचा अशा काळ्याकुट्ट की आत माणूस आहे की म्हैस, बाहेरून सांगता येऊ नये. "आतमंदी कोण बसून आहे ते लोकायले समजलं नाही पाहिजे," असं त्यांचं तत्त्व. वास्तविक नंबरावरून अख्खा धरमपेठ त्यांना ओळखतो. काचा बंद करून ते आत एकटेच तर्री-पोहे खातात, हेही धरमपेठेला माहीत आहे.

मला एक गोष्ट फार आधीपासून जाणवत आली आहे. काळी काच मागणारा माणूस कारण उन्हाचं सांगतो, पण त्याचा हिशेब उन्हाशी नसतो. त्याला रुबाब हवा असतो. रुबाब नको असला तर आडोसा हवा असतो. ऊन बिचारं निमित्ताला पुढे केलेलं.

सरकारदरबारी हे ठाऊक होतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. ते कोणी मनावर घेतलं नाही. मग काळ्या काचांआड गुन्हे होतात ही तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २७ एप्रिल २०१२ ला न्यायालयाने काचेवर कसलीही फिल्म चिकटवायलाच बंदी केली. अंमल ४ मेपासून. तारीख दिल्लीत ठरली. नागपुरात ठरली असती तर निदान मृगापर्यंत थांबले असते. त्या मे महिन्यात चौकाचौकांत ब्लेडने फिल्म खरवडण्याचा कार्यक्रम चालला होता. झेड आणि झेड प्लस सुरक्षेवाल्यांना सूट मिळू शकत होती. भाऊजींनी आपल्याला निदान एखादी साधी 'वाय' बसते का, याची चौकशी करून पाहिली होती.

पुढे वारं फिरलं. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमात, आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेल्या काचेलाही जागा मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्याच आधारावर सांगितलं की टक्केवारी सांभाळून लावलेल्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही. टक्केवारी मात्र जुनीच: ७० आणि ५०. म्हणजे फिल्म लावा, पण ती लावल्यासारखी दिसू नये.

भाऊजींना यात अर्थ वाटेना. मला मात्र इथेच सगळा अर्थ दिसला, कारण मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. उन्हातून जी ऊर्जा आपल्यापर्यंत पोचते, तिच्यातली साधारण निम्मी डोळ्यांना दिसतच नाही. ते अवरक्त किरण. थोडे अतिनील. उरलेला तो दिसणारा उजेड. स्वस्तातली रंगवलेली काळी फिल्म काय करते, तर मुख्यतः दिसणाऱ्या उजेडाला धरते आणि न दिसणाऱ्या उष्णतेपैकी बरीचशी आत सोडते. शिवाय उजेड पिऊन स्वतः तापते आणि ती ऊब आपल्या कानाशी आणून सोडते. दोन-चार उन्हाळ्यांत जांभळी पडते, तिला फोड येतात, आणि मग आतल्या माणसाला सगळं शहर वांग्याच्या रंगाचं दिसू लागतं. याउलट चांगली सिरॅमिक फिल्म उजेडाला वाट देते आणि अवरक्ताला दारात थांबवते. थोडक्यात, जी जास्त काम करते ती दिसत नाही, आणि जी दिसते ती फारसं काम करत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं तेव्हा प्राचार्यांनी वर पाहिलं, म्हणून पुढचं मनातच ठेवलं.

दुकानात गेलो. दुकानदाराने टेबलावरचा एक लाल दिवा लावला, मधे काच धरली आणि म्हणाला, "मॅडम, हात ठेवून पाहा." चटका बसला. मग फिल्म लावलेली काच मधे सरकवली. "आता?" आता काहीच नाही, देवघरासारखं शांत. "सत्त्याण्णव टक्के हीट बंद, मॅडम!" माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर भक्तिभाव उमटला. हे बँकेतून निवृत्त झालेत; आयुष्यभर लोकांच्या कागदांवर संशय घेतल्यामुळे आता कोणत्याही दिव्यावर त्यांचा चटकन विश्वास बसतो.

मी विचारलं, "हा दिवा बहुतेक अवरक्तच फेकतो ना? सूर्य तसा नाही. निम्म्याचे सत्त्याण्णव टक्के म्हणजे एकूण उष्णतेचे अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. आणि हे सत्त्याण्णव तरी पूर्ण पट्ट्यावर मोजलेत की सोयीच्या तुकड्यावर?" दुकानदाराने दिवा बंद केला. मग मी टीएसईआरचा आकडा मागितला. सूर्याकडून आलेल्या एकंदर ऊर्जेतली किती परत पाठवली, ते सांगणारा हा आकडा. फिल्म घ्यायची तर हाच विचारायचा. पारदर्शक फिल्मसाठी तो चाळीस-पन्नासच्या घरात असतो. जाहिरातीत तो नसतो, खोक्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, बारकोडच्या शेजारी मान खाली घालून उभा असतो.

धातूचा मुलामा असलेली फिल्म मी लगेच बाजूला सारली. ती उष्णता बरी परतवते, पण तिच्या आडून फास्टॅग आणि जीपीएसचे लहरींवरचे व्यवहार अडखळू शकतात. समृद्धी महामार्गाच्या टोलवर मागे रांग लागलेली असताना गाडी पुढेमागे हलवत बसायची हौस मला नाही. मग ह्यांनी गरवारेंच्या फिल्मची चौकशी केली. ही वाळूजला, म्हणजे आपल्या संभाजीनगरजवळ, बनते आणि तिथून जगभर जाते, हे कळल्यावर त्यांना भरून आलं. "मग आपलीच घ्या," ते म्हणाले. काळी की पारदर्शक, हा प्रश्न त्यांच्या लेखी तिथेच निकालात निघाला होता.

"साइडला पन्नासची लावून देतो, मॅडम. नियमात बसते." दुकानदाराचं हे वाक्य मी वर्गात उदाहरण म्हणून देणार आहे. कारण गाडीची काच मुळात पूर्ण पारदर्शक नसते. धरा, ती पंचाहत्तर टक्के उजेड सोडते. तिच्यावर पन्नासची फिल्म लावली की पंचाहत्तरचे निम्मे, साडेसदतीस. दंड. सत्तरची लावली तर साडेबावन्न, कशीबशी पास. आणि पुढची काच? तिला मुळात सत्तर राखायचे आहेत, तिथे फिल्मला पाय ठेवायलाही जागा उरत नाही. बिलाच्या मागच्या बाजूला मी हा गुणाकार करून दाखवला तेव्हा दुकानातला पोऱ्या आदराने म्हणाला, "काकू, तुम्ही आरटीओत होत्या का?" काकू म्हटल्याबद्दल मी त्याला माफ केलं.

इथवर सगळं उन्हाचं झालं. पण गाडी रात्रीही चालवावी लागते, आणि फिल्मची निवड दुनियेत कोणी रात्री करत नाही. दुकानं दिवसा उघडी, आत ट्यूबलाइटचा लखलखाट. तिथे कोणतीही काच छानच दिसणार. म्हणून मी नमुन्याचे तुकडे मागून आणले आणि रात्री आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रयोग लावला. मागच्या कोपऱ्यातला दिवा बंद असतो. सोसायटी स्थापन झाल्यापासून तो बंद आहे. तिथे मी ह्यांना तपकिरी टीशर्ट घालून उभं केलं, स्वतः गाडीत बसले आणि बाजूच्या काचेवर एकेक तुकडा धरत गेले.

नुसत्या काचेतून नवरा स्वच्छ दिसला. डास मारतानाही दिसला. सत्तरच्या तुकड्यातून नवरा दिसला, डास मारतोय हे अंदाजाने कळलं. पन्नासला नवऱ्याची आकृती उरली, हावभाव गेले. वीसचा तुकडा धरला आणि नवरा अंधारात विरघळून गेला. आवाज तेवढा येत होता: "झालं का तुझं?" मी तो तुकडा थोडा जास्त वेळ धरून ठेवला. तेवढ्यात चौकीदार आला. "काका बाहीर काऊन उभे आहेत जी?" त्याने काळजीने विचारलं. दुसऱ्या दिवशी दोन शेजारणी माझी वेगवेगळी समजूत घालून गेल्या.

भाऊजी म्हणतात, काळी फिल्म रात्रीही बरी, समोरच्याचा अप्पर डोळ्यांत घुसत नाही. पण अप्पर येतो पुढच्या काचेतून, आणि काळोख भाऊजींनी केलाय बाजूच्या काचांत. दोन्ही आरसे त्याच काचांतून पाहायचे असतात. शिवाय फिल्मला निवड करता येत नाही. ती ट्रकचा झोत जितका अडवते, तितकीच अमरावती रोडवर टेललाइट नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आणि तिच्या मागची विनारिफ्लेक्टर बैलगाडीही अडवते. झोत उरतो, बैल जातो. गॉगल रात्री काढून ठेवता येतो, फिल्म काढून ठेवता येत नाही. म्हणून भाऊजी रात्री गाडी मागे घेताना काच पूर्ण खाली करतात, कमरेपर्यंत बाहेर येतात आणि वाटेल त्याला विचारतात, "आहे का बे जागा?" आत कोण बसून आहे ते अशा वेळी सगळ्यांना नीट दिसतं.

आणि वय ही एक गोष्ट आहे. वाढत्या वयात डोळ्याची बाहुली अंधारातही पुरती उघडेनाशी होते, भिंग पिवळट होत जातं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या एक तृतीयांशच साठीच्या डोळ्यात पोचतो असं मानतात. म्हणजे ह्यांच्या डोळ्यांना निसर्गाने आधीच एक फिल्म लावून दिलेली आहे, तीही फुकट. तिच्यावर पैसे देऊन आणखी एक काळी फिल्म लावायची हे मला पटेना.

शेवटी सत्तरची पारदर्शक सिरॅमिक फिल्म बाजूच्या काचांवर लागली. ती सुकेपर्यंत काचा खाली करायच्या नव्हत्या. पैसे वीस हजारांच्या वर गेले. उजव्या हाताला दुपारी बसणारा चटका लक्षात येण्याजोगा कमी झाला, एसी लवकर पकड घेऊ लागला. उन्हात उभी केली की गाडी अजूनही तापते. फिल्म काही कडुनिंब नव्हे. पण धावत्या गाडीत मी ओढणी हातावर घेणं सोडलं.

खरी पंचाईत निराळीच झाली. गाडी घरी आली तेव्हा सासूबाईंनी काचेवरून बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "लावायला कधी येणार आहेत?" शेजाऱ्यांनी कडुनिंबाखालून येऊन वाकून पाहिलं आणि परत सावलीत गेले. भाऊजींनी काच वाजवली. "वहिनी, वीस हजार देऊन साधी काच लावून आल्या तुम्ही? मंग लावली कायले?" हे प्रश्न माझ्यापेक्षा ह्यांना लागले. वीस हजारांची वस्तू घ्यावी आणि ती चार लोकांना दिसू नये, हे कोणत्याही निवृत्त बँक अधिकाऱ्याला सोसवणारं नाही.

त्यांनी तोडगा काढला. दुकानदाराने फिल्मची टक्केवारी लिहिलेलं, शिक्का मारलेलं प्रमाणपत्र दिलं होतं. चौकात हवालदाराने अडवलंच तर दाखवायला, कारण त्याने केरळचा निकाल वाचलेला असेलच असं नाही. ह्यांनी ते थोडं मोठं करून घेतलं, रंगीत, लॅमिनेट करून, आणि मागच्या डाव्या काचेला सक्शन कप लावून लटकवलं. आता फिल्म सगळ्यांना दिसते. एवढंच की तो कागद चांगला जाड आहे, त्यातून एक टक्काही उजेड आरपार जात नाही, आणि दुपारी कुठे निघालो की मागच्या सीटवर सासूबाई आणि भाऊजींचा मुलगा त्या प्रमाणपत्राच्या सावलीसाठी भांडतात.