तात्पुरतं

आमच्या विंगमध्ये त्यांना सगळे मापकाका म्हणतात. खरं आडनाव मेंटेनन्सच्या पावतीवर असतं, तेवढंच. इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, काका पाच मीटरची स्टीलची टेप ठेवतात. त्या वजनाने त्यांचे सगळे शर्ट डावीकडे ओघळलेले असतात. पहिल्या भेटीत मी नमस्कार केला, तर त्यांनी आधी माझ्या दाराची चौकट मापली. "बिल्डरने तुम्हाला अर्धा इंच जास्त दिलाय," म्हणाले. आवाजात अभिनंदन नव्हतं.

काळाचौकीच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली भावाला सोडून काका पनवेलला, आमच्या करंजाड्यात आले. सिडकोच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरची सात मजली बिल्डिंग, त्यात तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. १८ फेब्रुवारी २०१८ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं भूमिपूजन झालं आणि त्याच वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला काकांनी वास्तुशांत केली. भटजी आणि तीन ज्येष्ठ नातलग यांच्यासाठी म्हणून चार लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. "तात्पुरत्या," काका म्हणाले. "विमानतळ सुरू झाला की सोफाच घ्यायचा."

सोफ्याचा आणि विमानाचा संबंध काय, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. पनवेलमध्ये विचारत नाहीत. इथे फ्लॅट घेणारा प्रत्येक जण विमानतळाकडे डोळे लावूनच बुकिंगचा चेक फाडतो. काकांनी सगळं घरच धावपट्टीला बांधून टाकलं, इतकाच फरक.

तर घर लागत होतं. खिडकीला पडदे हवेत, पण रॉड सोफ्याच्या रंगाशी जुळला पाहिजे, म्हणून तात्पुरती सुतळी. हॉलमध्ये झुंबर लावायचं होतं, म्हणून तात्पुरता वायरला लोंबता होल्डर. पाणी एक दिवस येई आणि एक दिवस टँकरची वाट पाहावी लागे, म्हणून निळं पिंप आणलं. मोरीत मावेना, म्हणून हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं, तात्पुरतं. वाईट दिसतं म्हणून काकूंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि रुमाल रिकामा दिसतो म्हणून टीव्ही ठेवला. पाणी काढायचं झालं की क्रिकेट थांबतं.

भिंतीला खिळा मारायला बंदी होती. पलीकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडायचं काम चालू होतं. सुरुंगाने खिळा हलेल, असं काकांचं शास्त्र. त्यामुळे घड्याळ फ्रिजवर उताणं पडलेलं असे. वेळ बघायची तर काकूंना स्टुलावर चढावं लागे. टेकडी सपाट झाली, सुरुंग थांबले, घड्याळ आजही तिथेच आहे. आता काकूंना स्टुलावर न चढता नुसत्या टिकटिकीवरून वेळ कळते असं त्या म्हणतात, आणि ती साधारण बरोबर असते.

खरं फर्निचर काकांनी लोकलमध्ये केलं. पनवेलहून गाडी सुटते, त्यामुळे बसायला मिळतं, आणि गोदीतल्या नोकरीसाठी सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाहून जास्त वेळ हाताशी. तेवढ्यात दोनशे पानी वहीत घर उभं राहायचं. खारघरला ओटा, वाशीच्या खाडीवर दिवाण, मानखुर्दला टीव्ही युनिट. परतीच्या गाडीत उभं राहावं लागे, म्हणून संध्याकाळी खोडाखोड. वहीतला हॉल मी पाहिलाय. अतिशय सुंदर आहे. त्यात निळं पिंप नाही.

प्रत्यक्षात एकच गोष्ट घडली, बेडरूममधलं कपाट. मिस्त्रीने विचारलं, "सातसौदस लगाऊँ या कमर्शियल?" सातशे दहा म्हणजे पाण्याला दाद न देणाऱ्या मरीन प्लायचा आयएस नंबर. काकांना तो तोंडपाठ होता, इतरांना त्यावर व्याख्यानही देत. पण कपाट तात्पुरतं होतं, म्हणून कमर्शियल. जूनमध्ये पनवेलचा पाऊस लागला आणि दारं पुरीसारखी फुगली. तेव्हापासून ते कपाट ज्येष्ठात मिटतं आणि घटस्थापनेला उघडतं. छत्र्या आणि रेनकोट आतच असतात.

तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरात आयकिआ उघडलं, तेव्हा काका-काकूंनी ठाण्याची लोकल पकडून ते दुकान पाहिलं. काका तिथल्या बहुतेक सगळ्या सोफ्यांवर बसून आले. एका दिवाणावर तर आडवेच झाले. एका मांडून ठेवलेल्या दिवाणखान्यात त्यांना इतकं घरच्यासारखं वाटलं, की त्यांनी काकूंकडे पाणी मागितलं. येताना तिथल्या फुकटच्या कागदी टेपा अकरा आणि छोट्या पेन्सिली सात. "तात्पुरत्या," म्हणाले, आणि विंगमधल्या पोरांना वाटून टाकल्या.

पोरांबद्दल सांगायचं राहिलं. चाळीची सवय जात नाही, त्यामुळे काकांचं दार दिवसभर उघडं. त्या उंबऱ्यात लाल खुर्ची टाकून ते बसतात. रविवारी विंगमधली पोरं रांगेने येतात, चौकटीला टाचा टेकून उभी राहतात आणि काका डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून पेन्सिलीने रेघ ओढतात. शेजारी तारीख. चौथ्या मजल्यावरचा एक पोरगा पहिल्या रेघेला काकांच्या गुडघ्याएवढा होता, आता कडीच्या वर गेलाय. घराला रंग काढायचा विषय निघाला की काका चौकटीकडे बघतात आणि म्हणतात, "रंगाचं तात्पुरतं थांबवलंय."

मग ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. विंगमध्ये सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, फीत कापली म्हणजे विमान उडालं नाही. तेही खरंच होतं. पहिलं विमान २५ डिसेंबरला आलं. त्या सकाळी आम्ही सगळे गच्चीत. चार लाल खुर्च्याही वर आल्या होत्या, मान्यवरांसारख्या. विमान खाली उतरताना दिसलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, काकांचे डोळे भरून आले. हवेत टेप धरून त्यांनी विमानाची लांबीही मापली, पावणेदोन इंच.

"आता?" काकूंनी विचारलं.

काकांनी टेप आत सोडली. "अगं, सध्या सकाळी आठ ते रात्री आठच चालतोय तो. चोवीस तास होऊ दे की."

काकू काहीच बोलल्या नाहीत. आम्हाला तिथेच शंका यायला हवी होती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी काका ड्युटीवर असताना जुन्या पनवेलच्या बाजारातून टेम्पो आला. दिवाण, दोन लोड, निळी चादर. "हळदीकुंकवाला पंचवीस बायका येणार," काकू मला म्हणाल्या, "त्यांना काय पिंपावर बसवू?" आम्ही चौघांनी जिन्यातून तो वर चढवला. मी सहज विचारलं, माप घेतलं होतं का? काकूंनी वीत दाखवली.

संध्याकाळी काका आले. चप्पल काढली, दिवाण पाहिला आणि दारातच टेप ओढली. लांबी, रुंदी, भिंत, पुन्हा लांबी. बाल्कनीचं दार उघडून पाहिलं. ते दिवाणाला अडलं.

"एका इंचाने गेला," काका म्हणाले.

"परत पाठवू?"

काका विचार करायला म्हणून टेकले. मग लोडाला पाठ लावली. मग पाय वर घेतले.

"राहू दे," डोळे मिटत म्हणाले, "तात्पुरता."