अर्धा किलो मगज

सगळं किसणीवरून सुरू झालं. एका सकाळी गाजर हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभा होतो आणि हिला विचारत होतो, "अगं, ते हे कुठंय? ज्यावर ते करतात ते?" हिने वळूनही न बघता सांगितलं, "खालच्या खणात." किसणी खालच्या खणातच होती. पण मी घाबरलो. आज किसणी गेली, उद्या काय काय जाईल? हिला म्हटलं, "मला विसरायला व्हायला लागलंय." तर म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही असंच बोलता. ते हे नि हे ते. मी शिकले ती भाषा."

तरीही डॉक्टरांकडे गेलोच. माणूस माझ्या मुलापेक्षा लहान. त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. मी चार सांगितले. डॉक्टर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काका, काळजीचं काही नाही. पण मेंदूला रोज काहीतरी नवीन द्या. रात्री झोपताना दिवसभरात काय घडलं, काय शिकलो, ते लिहा. आणि कान, डोळे, कोलेस्टेरॉल तपासून घ्या." मी म्हटलं, "तक्रार डोक्याची आहे हो." तेव्हा त्यांनी २०२४ सालचा लॅन्सेट आयोगाचा अहवाल समजावून सांगितला. स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा पुढे ढकलता येण्यासारखी असतात आणि त्यामागची १४ कारणं शोधलेली आहेत. अपुरं शिक्षण, कमी ऐकू येणं, एकटेपणा वगैरे. त्या वर्षी त्यात दोन नव्याने घातली, वाईट कोलेस्टेरॉल आणि उपचार न केलेली अधू नजर. मी जळगावला जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ३४ वर्षं काढलेला माणूस. घरी येऊन चौदा रकाने आखले. अकरा माझ्या नावे टाकले. उरलेले तीन हिने टाकले.

अडीच वर्षांपूर्वी आम्ही मुलाकडे सुरतेला आलो. तापीही जळगाव जिल्ह्यातूनच इथे येते. तिला पुढे समुद्र मिळाला, मला उधन्यात चौथा मजला.

रोजनिशीची सुरुवात झोकात झाली. पहिल्या रात्री लिहिलं: 'आज शिकलो. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना हजारो रस्ते पाठ करावे लागतात आणि त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी असते. एलेनॉर मॅग्वायर, २०००.' दुसऱ्या रात्री मजकूर भरला. तिसऱ्या रात्रीही. चौथ्या दिवशी सहज मागची पानं चाळली, तर तिन्ही रात्री मी तेच शिकलो होतो. तिसऱ्या वेळी शेवटी उद्गारचिन्हही होतं.

मग मुलाने मोबाइलवर बुद्धीचे खेळ घालून दिले. रंगीत चौकोन यायचे, मी दाबायचो. महिनाभरात माझा क्रमांक खूप वर गेला. म्हणजे चौकोन दाबण्यात. किसणी जिथे होती तिथेच होती, आणि मी ती तशीच शोधत होतो. नंतर वाचनात आलं की मेंदू तल्लख करण्याचा दावा करणाऱ्या अमेरिकेतल्या एका कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींपायी २०१६ साली तडजोडीचे २० लाख डॉलर भरावे लागले होते. त्या खेळांनी माणूस बहुधा त्या खेळांतच हुशार होतो. मी वर्षाची वर्गणी भरून बसलो होतो.

तेव्हा ठरवलं की गुजराती लिपी शिकायची. शिक्षिका घरातच होती. गुजरातेत २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली आहे, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या दुसरीतली माझी नात रोज घरी येऊन 'क कमळनो क' घोकत असते. तिने मला शिष्य म्हणून घेतलं, एका अटीवर. चूक झाली की मी बेडूकउड्या मारायच्या. गुडघ्यांची अडचण सांगितल्यावर शिक्षा बदलली. चूक झाली की तिला चॉकलेट.

मला वाटलं होतं, सोपं आहे. देवनागरीच्या डोक्यावरची रेघ काढली की गुजराती. आमच्या आजोबांची मोडी मला वाचता येत नव्हती, पण ही तर टोपी काढलेली आपलीच अक्षरं! तसं बऱ्याच अक्षरांचं आहेही. पण ख, च, ज, झ, फ, ब यांनी टोपी काढताना तोंडही बदललंय. शिवाय या लिपीत एक सापळा आहे, तो मला कुणी सांगितला नव्हता. गुजरातीत दोनचा आकडा आणि र, पाचचा आकडा आणि प, ही सख्खी जुळी भावंडं आहेत.

एकदा लिफ्टशेजारी सोसायटीची सूचना लागली. मी ती कुणाची मदत न घेता वाचली. 'पाणीनी टांकी' समजलं, 'साफ' समजलं. पुढे होतं, 'ता. रप ना रोज'. रप म्हणजे काय? 'रोज' तर आपलाच. रोज रप. एखाद्याला रोज रपाटे घालायचे ठरलेत की काय? विचारावं असं मनात आलं, पण शेजारी दोन गुजराती गृहस्थ उभे होते. त्यांच्यासमोर मी सूचना वाचताना मान डोलावली होती. डोलावलेली मान मागे घेता येत नाही.

२५ तारखेला सकाळी साडेनऊला, अंगभर साबण लावलेला असताना, नळाने एक उचकी दिली आणि तो थांबला. मी आतून ओरडलो. ही बाहेरून म्हणाली, "टाकी धुताहेत वाटतं. सूचना लागली असेल ना? तुम्ही तर हल्ली सगळं वाचता." पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्यांत मी आंघोळ उरकली. डावा कान दुपारपर्यंत चिकट होता. संध्याकाळी नातीने सूचना बघून सांगितलं, "आजोबा, रप नाही काही. पंचवीस!" आणि चॉकलेट मागितलं.

त्या रात्री रोजनिशीत खरोखर नवीन काहीतरी लिहिलं.

खचलो नाही. याच सुरतेत नर्मदाशंकर दवे, म्हणजे कवी नर्मद, यांनी जवळजवळ एकहाती गुजरातीचा शब्दकोश रचला. 'नर्मकोश' १८७३ साली छापून पूर्ण झाला. आणि आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेही पुढे सुरतेत शिकवायला आले. १८४४ साली इथे दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभा काढली तेव्हा ते तीस वर्षांचे होते. मराठी व्याकरणकाराला सुरत मानवली, तर मराठी लेखा कारकुनाला का मानवू नये? दादोबांचं आत्मचरित्र अपुरं राहिलं. तेवढ्या एका बाबतीत माझी रोजनिशी त्यांच्या मार्गावर आहे.

पुढच्याच आठवड्यात तो प्रसंग घडला. कोलेस्टेरॉलचा अहवाल घेऊन परत येत होतो. अहवाल चांगला नव्हता. रस्त्यात मिठाईचं दुकान, काचेमागे ताटं, प्रत्येक ताटावर गुजराती पाटी. एका पाटीपाशी मी थबकलो. म आपला, ग आपला, आणि ज आता ओळखीचा झाला होता. मगज! मगज म्हणजे मेंदू, हे मला ठाऊक होतं. सोसायटीतली पोरं दिवसातून दहादा 'मगजनुं दहीं थई गयुं' म्हणतात. त्या सूचनेनंतर पहिल्यांदाच मी परक्या लिपीतला शब्द न चुकता उभ्या उभ्या वाचला होता, आणि तो शब्द होता मेंदू! शकुन याहून वेगळा काय असतो? छाती भरून आली. मी म्हटलं, "भाई, मगज आपो." तो म्हणाला, "केटलुं?" इतक्या वर्षांत माझ्या मेंदूबद्दल असं आदराने कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "अडधो किलो."

घरी हिने पुडा उघडला. रवाळ बेसन, साजूक तूप, पिठीसाखर, वर वेलची. तूप कागदातून बाहेर येऊन अहवालाला लागलं होतं, नेमकं वाईट कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मेंदूसाठी म्हणून गेलात ना? आणलात अर्धा किलो." पुडा तिने वरच्या फळीवर ठेवला. ती फळी कुठली, हे मी आजतागायत विसरलेलो नाही.

खाली भाजीची गाडी लावणारी एक मावशी आहे, अमळनेरकडची. घरी अहिराणी, माझ्याशी मराठी, गुजराती बायकांशी गुजराती, लूमवाल्या ओडिया पोरांशी हिंदीत ओडिया मिसळून. शाळेची पायरी चढलेली नाही. तिला मी एकदा हैदराबादचं संशोधन ऐकवलं. २०१३ साली डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले, तेव्हा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना तो आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला. निरक्षरांमध्येही फरक दिसला. म्हणजे शाळेचा संबंध नाही, एका भाषेतून दुसरीत उडी मारण्याचा असावा. मी रंगात येऊन सांगत होतो. तिने ऐकता ऐकता मेथी, गिलकी, भरताची वांगी, कोथिंबीर मोजली, मधेच दोघींना दोन भाषांत भाव सांगितले आणि म्हणाली, "एकशे पस्तीस, बाबा. आन् परवाचे वीस राहिले तुमचे." मी परवाचे वीस विसरलो होतो. मी लेखा विभागात होतो, हे तिला सांगायचं धैर्य झालं नाही.

आता कानांचं. रविवारी सकाळी मी फाटकातून आत येत होतो. बाकावरच्या पोरांपैकी एक दुसऱ्याला म्हणाला, "जो, पेला डोसा आव्या." मी स्पष्ट ऐकलं. लगबगीने वर गेलो, हिला म्हटलं, "पोहे करू नकोस. सोसायटीत डोसे आलेत." ही म्हणाली, "कशाबद्दल?" म्हटलं, "असेल कुणाचा वाढदिवस." चार खणांचा स्टीलचा डबा घेतला, एक खण चटणीसाठी, एक सांबारासाठी, आणि खाली जाऊन पोरांसमोर उभा राहिलो.

"शुं जोईए, काका?"

"डोसा."

बाक शांत झाला. एकाने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग काय झालं ते त्याला कळलं, आणि तो बाकावरून खाली बसला, थेट फरशीवर. गुजरातीत डोसा म्हणजे म्हातारा. खायचा तो ढोसा, ढ ढगातला. आले होते ते डोसा म्हणजे मी. स्वतःलाच घ्यायला मी डबा घेऊन आलो होतो.

कान मी तपासून घेतले. उत्तम आहेत. म्हणजे चौदातला एक रकाना माझ्या नावावरून कमी झाला आणि दोष पुन्हा डोक्यावर आला.

त्या पोरांनी तासाभराने खरेच ढोसे आणून दिले, डबा भरून, आणि हल्ली संध्याकाळी मला बाकावर जागा ठेवतात. मी त्यांना 'ळ' शिकवतो, असं मला वाटत होतं. पण गुजरातीत 'ळ' आधीपासून आहे, हे त्यांनी मला तीन आठवडे सांगितलंच नाही. ती पोरं सगळी अस्सल सुरती. 'स'चा 'ह' करतात, सारुंला हारुं म्हणतात. नातीच्या पुस्तकात सारुं, बाकावर हारुं. मी आता दोन्ही चुकीच्या ठिकाणी वापरतो.

वरच्या फळीवर पाव किलो मगज अजून शिल्लक आहे. मला एकट्याला मनाई आहे, पाहुणा आला तर एक वडी मिळते. तेव्हा उधन्याच्या बाजूला आलात तर जरूर या. सूचना लावतो तशी नीट सांगतो: संध्याकाळी ५ वाजता, आणि हा पाच आहे, प नव्हे. घर सापडलं नाही तर फाटकावर कुणालाही विचारा, मराठी डोसा कुठे राहतात. ढोसा म्हणू नका. डबा घेऊन येतील.