येझदीचं जागरण; गोंधळ आपोआप

तुमच्या जिन्याखाली, गणपतीच्या मखरामागे, ताडपत्रीखाली एक येझदी उभी असेल, तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून आधी जावा आणि पुढे येझदी या नावाने या गाड्या निघाल्या. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी गाडी भिंतीला लावली, ते सगळे एकच वाक्य बोलून गेले: ‘पुढच्या दिवाळीला काढू बाहेर.’ समजा, ती दिवाळी आली.

पायरी पहिली: किक मारू नका.

ही पायरी कोणीच पाळत नाही. ताडपत्री निघाली की घरातला प्रत्येक पुरुष एकेक किक मारून बघतो, आणि शेवटी जावई मारतो. पण पिस्टनने गंजून सिलिंडर धरलेला असू शकतो. अशा वेळी जोर केला की आतलं काहीतरी तुटणार. म्हणून आधी प्लग काढा, भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा आणि दोन-चार दिवस गाडीकडे फिरकू नका. सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत अवघड आहे, कारण यात करण्यासारखं काहीच नसतं. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक धरून हळूहळू मागे-पुढे करा. चाकाबरोबर इंजिन फिरायला लागलं की पेढे आणायला हरकत नाही. वाटू मात्र नका.

दरम्यान घरातल्या तरुण मंडळींना किक कुठे आहे ते दाखवून टाका. ती उजवीकडे शोधत असतात. येझदीची किक डावीकडे असते आणि गिअरचा दांडाही तोच. आत दाबून वर उचलला की किक, परत खाली आणला की गिअर. एकाकडे दोन खाती असण्याची ही पद्धत मंत्रालयात पुढे आली असली, तरी इथे ती व्यवस्थित चालते.

पायरी दुसरी: अजूनही किक मारू नका. टाकी उतरवा. पेट्रोल म्हणून जे बाहेर येईल त्याला वार्निशचा वास असेल. ते गटारात ओतू नका आणि ‘चालेल की’ म्हणून परतही भरू नका. टाकी आतून गंजली असेल तर मूठभर नट-बोल्ट आणि व्हिनेगर घालून ती खळखळून हलवा. हे एकट्याचं काम नाही. सुट्टीत भाचे येतात ते याचसाठी. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकी पूर्ण वाळवा आणि घातलेले नट-बोल्ट मोजून परत घ्या.

कार्ब उघडलात की जेटचं भोक तारेने टोचण्याची अनावर इच्छा होईल. ती आवरा. भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार. क्लीनर आणि हवा, एवढंच.

आता करंट. जुन्या येझदीला सहा व्होल्टची बॅटरी लागते, आणि ती मेलेली असेल तर प्लगला ठिणगीच येत नाही, मग वंशपरंपरेने किक मारत राहा. पॉइंट पॉलिश पेपरने घासा, गॅप 0.4 मिलिमीटर ठेवा. ठिणगी बघताना प्लग पेट्रोलपासून आणि त्या उघड्या भोकापासून लांब धरा. इथे मात्र मी गंमत करत नाही.

या सुमारास गल्लीतले काका येतात. त्यांनी येझदीवरून ट्रिपल सीट महाबळेश्वर केलेलं असतं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना बॅटरी धरायला द्या. टॉर्चवाली.

पार्ट आणायला पुण्यात नाना पेठेत जा, पण नावाने मागू नका; जुना पार्ट पिशवीत न्या. दुकानदार न बघताच ‘हा आता येत नाही’ म्हणेल. हलू नका. थोड्या वेळाने तो खालच्या खणातून काढून देतो.

पेट्रोल लिटरभरच घ्या आणि त्यात 40 मिली टूटी ऑइल मिसळा. टाकी फुल करायचा मोह नको. हल्लीच्या पेट्रोलमधलं एथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. ऑइलची बाटली घरूनच न्या, पंपावरचा पोरगा फोर-स्ट्रोकच्या जमान्यातला आहे.

आता मारा किक. कार्बवरचं बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबायचं, चावी, किक. गाडी उठली तर मागच्या दोन्ही सायलेन्सरांतून एवढा धूर येईल की वरच्या मजल्यावरून कोणीतरी अग्निशमन दलाचा नंबर विचारेल. घाबरू नका. जुनं साचलेलं ऑइल जळतंय, थोड्या वेळात ओसरेल. ओसरलाच नाही आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत गेलं, तर क्लचच्या बाजूचं सील गेलंय आणि इंजिन ते ऑइल पितंय. उलट, ॲक्सिलरेटर सोडूनही गाडी स्वतःहून रेस घेत असेल, तर बहुधा दुसऱ्या बाजूच्या सीलमधून हवा शिरतेय. दोन्ही वेळा इंजिन उघडावं लागतं. काका म्हणतील, ‘चालवत राहा, सील आपोआप बसतं.’ बसत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: 15 वर्षांनंतर फेरनोंदणी लागते आणि ती पाच वर्षंच चालते. गाडी पन्नाशीची असेल तर 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळू शकते, पण मग तिच्यावरून रोज भाजी आणता येत नाही.

ब्रेक आणि टायर आधी बघा हे सांगायचं राहिलं. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर तडकलेलं असतं, ते बदलाच. पहिल्या फेरीला खिशात जादा प्लग, प्लगपाना आणि छोटा हत्तीवाल्याचा नंबर ठेवा. आणि रस्ता असा निवडा की घरी परत येताना उतार लागेल.