कातीव वस्तू शोधण्याची शास्त्रोक्त पद्धत

घरात जुने कातीव काम आहे का, असे विचारले तर मराठी कुटुंबातून बहुधा एकच उत्तर येते: "छे हो, आमच्याकडे कुठलं आलंय!" उत्तर देणारे गृहस्थ त्या वेळी कातीव पायांच्या खुर्चीवर बसलेले असतात, आत कातीव लाटण्याखाली पोळी फिरत असते आणि माळ्यावर कातीव दांड्यांचा पाळणा जुन्या गाद्यांखाली निवांत पडलेला असतो. साक्षीदारांच्या जबानीवर विसंबून हे काम होणारे नाही. त्याला पद्धत हवी. ती पुढीलप्रमाणे.

शोधकाने आधी व्याख्या पाठ करावी. सुतार लाकूड घट्ट धरतो आणि हत्यार चालवतो. कातारी लाकूड फिरवतो आणि हत्यार टेकवून धरतो. त्यामुळे कातीव वस्तू कुठेही आडवी कापली तरी काप गोलच निघतो. (कापून पाहू नये. नुसती कल्पना करावी.) भोवरा, लाटणे, रवीचा दांडा, खुंटी, बाजेचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, सारीपाटाच्या सोंगट्या ही सगळी या व्याख्येत बसणारी मंडळी.

व्याख्येचा सराव करायला सावंतवाडीसारखे ठिकाण नाही. तिथल्या चितारआळीत लाकडी फळांच्या परड्या विकायला मांडलेल्या असतात; रुखवतात या फळांना मान असे. पांगाऱ्याचे लाकूड वजनाला हलके, म्हणून फळांसाठी पूर्वापार त्याची निवड. शोधकाने परडीसमोर उभे राहावे, दुकानदाराच्या नजरेकडे दुर्लक्ष करावे आणि फळांची फाळणी करावी. लिंबू, संत्रे, पेरू, टरबूज इकडे. ती फिरत्या लाकडातून उतरू शकतात. केळे तिकडे, कारण केळे कातणारा कातारी अजून जन्माला यायचा आहे. आंब्याबद्दल वाद घालता येतो. त्याचे नाक वाकडे असते आणि नाकापुरते तरी हाताने काम करावे लागते. बुद्धिबळाच्या पटावरही हाच न्याय. आज स्पर्धांमधून वापरली जाणारी स्टॉन्टन धाटणीची मोहरी १८४९ मध्ये लंडनमध्ये विक्रीला आली. त्यांतले राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी ही सगळी मुख्यतः लेथवर कातलेली, एकटा घोडा कोरीव. लाकडी मोहऱ्यांसाठी नाव असलेल्या अमृतसरात घोडे कोरणारे कारागीर वेगळे असतात आणि जाणकार गिऱ्हाईक संच हातात घेतला की आधी घोड्याचे तोंड बघते.

प्रत्यक्ष शोध स्वयंपाकघरातून सुरू करावा. परवानगीशिवाय आत शिरू नये, पोळ्यांच्या वेळी तर नाहीच. पहिला पुरावा पोळपाट. नवा असताना तो लेथच्या तबकडीला बांधून कातलेला, म्हणजे वर्तुळ बिनचूक. पण लाकूड सगळ्या दिशांनी सारखे सुकत नाही. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. आडवे मात्र चांगले आकसते. सागवानाचेच पाहा. ओले असल्यापासून पार कोरडे होईपर्यंत ते खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे सुमारे अडीच टक्के आकसते आणि वलयांच्या कडेकडेने त्याच्या दुपटीहून जास्त. आकसण्याच्या बाबतीत सागवान गुणी समजले जाते, तरी ही कथा. म्हणून आजीच्या लग्नातला पोळपाट एकदा रेषांच्या दिशेने आणि एकदा आडवा मोजला, तर दहा इंचांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज सापडतो. फरक शून्य आला तर पोळपाट परवाचा आहे, किंवा प्लायवूडचा आहे, किंवा शोधकाने दोन्ही वेळा एकाच दिशेने मोजले आहे. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात घेतलेली मापे ग्राह्य धरू नयेत. पावसाळी हवेत लाकूड पुन्हा फुगते आणि पोळपाटाचे वय कागदोपत्री कमी होते.

लाटण्याची तपासणी टोकांवरून करावी. मधला भाग पोळ्यांनी गुळगुळीत केलेला असतो, त्याच्याकडून काही कळत नाही. विजेच्या लेथवर लाकडाचे एक टोक चार दातांच्या काट्यात रुतवून फिरवतात. टोके नंतर घासून साफ केली नसतील, तर त्या बाजूला फुलीसारखी खूण राहते आणि दुसऱ्या टोकाला नुसता ठिपका. दोन्हीकडे नुसते ठिपके असतील तर शोधकाने आवाज न करता खाली बसून घ्यावे. ते काम कमानीच्या लेथवरचे असू शकते.

कमानीच्या लेथवर कातारीही खालीच बसतो. दोन ठोकळ्यांतल्या खिळ्यांच्या टोकांमध्ये लाकूड अडकवलेले, आणि कमानीच्या दोरीचा वेढा थेट त्या लाकडाला. उजवा हात कमान पुढेमागे ओढतो, डाव्या हातात पटाशी, आणि पटाशी थरथरू नये म्हणून तिला पायाच्या बोटांचा आधार. लाकूड एकदा त्याच्याकडे फिरते, एकदा उलटे. धार लागते ती फक्त येत्या फेरीत. परतीच्या फेरीत हत्यार केसभर मागे घ्यायचे. अर्धी मेहनत हवेत जाते. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराच्या भित्तिशिल्पात, अशाच उलटसुलट फिरणाऱ्या लेथवर काम चाललेले दिसते. तिथे एक माणूस दोरी ओढतो आणि दुसरा कातत असतो. आपल्याकडच्या कातारीने त्यातला एक माणूस वाचवला आणि पटाशी धरणाऱ्या दुसऱ्या हाताचे काम पायाच्या अंगठ्याकडे सोपवले. अंगठ्याला मजुरी किती मिळत असे, याची नोंद अर्थातच नाही.

आता मुख्य नियम. वस्तू उलटी करावी. दर्शनी बाजूवर रंग, लाख, तेलाचे हात आणि मागच्या दिवाळीतले वॉर्निश असे थरावर थर असतात. बूड मात्र कोणी सजवत बसत नाही, त्यामुळे तिथला मजकूर टिकतो.

या नियमाचे सर्वांत भव्य प्रात्यक्षिक जपानात झाले आहे. ७६४ मध्ये दरबारातले एक बंड मोडल्यानंतर सम्राज्ञी शोतोकु हिने दहा लाख छोटे लाकडी स्तूप करवून घेतले आणि त्यांच्या पोटात छापील बौद्ध मंत्रांच्या गुंडाळ्या ठेवल्या. काम ७७० मध्ये पुरे झाले. स्तूप जेमतेम वीतभर उंच, खालचा भाग आणि वरचा कळस वेगवेगळे कातलेले, वरून पांढरा हात दिलेला. दहा देवळांना वाटलेल्या त्या राशीतले चाळीस हजारांहून जास्त आज होर्यूजी मंदिरात उरले आहेत. पोटातले कागद हे जगातल्या अतिशय जुन्या छपाईचे नमुने, त्यामुळे कौतुक व्हायचे ते त्यांचेच. स्तूप उलटे केले तेव्हा बुडांवर शाईने लिहिलेल्या तारखा आणि कारागिरांची नावे निघाली. लाकूड पकडून ठेवणाऱ्या लेथच्या नखांचे व्रणही तिथेच होते, आणि त्या व्रणांच्या ठेवणीवरून अभ्यासकांनी स्तूपांची गटवारी केली. सरकारी कंत्राटात कोणी किती माल उतरवला याचा हिशेब बाराशे वर्षांनी असा बुडाशी सापडावा, हे कोणत्याही लेखापरीक्षकाला हेवा वाटण्याजोगे आहे. एवढी मोठी ऑर्डर पुढे कुठल्या कातारीच्या नशिबी आली असेल असे वाटत नाही.

इंग्लंडच्या मेरी रोझ या युद्धनौकेचेही असेच. ती १५४५ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये वर काढली गेली. तिच्यातल्या खलाशांच्या कातीव वाडग्यांवर आणि ताटल्यांवर मालकांनी आपापल्या खुणा कोरून ठेवलेल्या आहेत. मराठी घरात लग्नातल्या भांड्यांवर नावे घालून घेतात त्यामागचा संशय आणि हा संशय एकाच जातीचा.

भोवरा सापडल्यास शोधकाने तो फिरवण्याचा मोह आधी पुरा करून घ्यावा, कारण त्याशिवाय तपासणीत लक्ष लागत नाही. मग रंगाच्या पट्ट्यांकडे वळावे. लाखेचा रंग ब्रशने लावलेला नसतो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर पसरते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणात त्यावर केवड्याच्या जातीचे वाळलेले पान दाबून झिलई आणतात. तिथल्या खेळण्यांचे मूळ लाकूड म्हणजे आपल्याकडचा काळा कुडा. पट्टीची कड दोऱ्यासारखी नेमकी आणि दोन रंगांच्या मध्ये ब्रशचा एकही केस नाही, अशी स्थिती असेल तर लाख समजावी. खात्रीच हवी असेल तर न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाकावा: लाख चिकट होते, आजचा पॉलियुरेथेनचा थर ढिम्म हलत नाही. त्याच कारणाने सॅनिटायझर लावलेल्या हातांनी जुना भोवरा हाताळू नये.

माळ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. शिडी, टॉर्च, तोंडाला रुमाल. पाळण्याच्या दांड्या बहुधा पडद्याचे रॉड समजून कोणीतरी एकत्र बांधून ठेवलेल्या असतात.

घरात काही न मिळाल्यास बाजार. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार ही मान्यताप्राप्त शोधक्षेत्रे असून तिथे प्रत्येक वस्तू किमान दीडशे वर्षांची असते, गेल्या महिन्यात कातलेलीसुद्धा. वय वाढवण्याची साधने घरगुती आहेत: चहाचे पाणी, बुटाचे पॉलिश, जरासा चूलधूर. किड्याने पोखरल्याची भोकेही करून मिळतात. त्यासाठी शोधकाने खिशात बारीक तार बाळगावी. खऱ्या किड्याचा मार्ग लाकडात शिरला की वळणे घेतो, त्यामुळे तार थोड्या अंतरावर अडते. ड्रिलने पाडलेले भोक सरळसोट जाते, तारही सरळ जाते, आणि विक्रेत्याचा आवाज चढतो. संस्थानिकाच्या वाड्यातून आलेल्या चार खुंट्यांची मापे शेवटच्या रेषेपर्यंत तंतोतंत जुळत असतील तर त्यांच्या खानदानाविषयी चौकशी करू नये. नकल उतरवणारे यंत्र एका नमुन्यावरून हुबेहूब माल काढते. हाताने कातलेल्या चार खुंट्या भावंडांसारख्या असतात. चेहरा एक, पण एकीची मान जरा बारीक निघतेच.

निराशा आल्यास पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार काढावी. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, आणि उरलेले आयुष्य त्यांनी इतरांना अडगळ वाटणाऱ्या वस्तू मिळवण्यात घालवले: अडकित्ते, दिवे, दौती, पाय घासायच्या वज्र्या. संग्रहालयाला नाव त्यांच्या लहानपणी गेलेल्या मुलाचे आहे. तिथे काचेपलीकडे मांडलेल्या कितीतरी वस्तूंसारख्या वस्तू बघणाऱ्याच्या गावाकडच्या घरी असतात किंवा मोडीत गेलेल्या असतात. संग्रहालयातून बाहेर पडणारी माणसे फोनवर "ती आपली जुनी अमकी अजून आहे का?" असे विचारताना आढळल्यास नवल नाही.

प्रगत शोधकांसाठी एक पायरी आणखी आहे: वस्तूऐवजी लेथ शोधणे. बर्कशरमधल्या बकलबरीचा जॉर्ज लेली पायाने चालवायच्या लेथवर वाडगे कातत असे. एल्मच्या एका ठोकळ्यातून तो एकात एक बसणारे अनेक वाडगे काढी. त्यासाठी त्याची हत्यारे टोकाशी वाकवलेली होती. १९५८ मध्ये तो गेला आणि त्याच्यामागे तिथे हे काम करणारे कोणी उरले नाही. लेथ आणि हत्यारे मात्र रेडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात पोहोचली. पुढे रॉबिन वूड या कारागिराने ती हत्यारे न्याहाळून तशीच स्वतः घडवली आणि वाडगे पुन्हा कातायला सुरुवात केली. संग्रहालयात लेथ नसता, फक्त वाडगे असते, तर वाकडी हत्यारे कशी धरायची हे वाडग्यांकडून शिकून घेणे फार अवघड गेले असते. आपल्याकडे कमानीचा लेथ म्हणजे दोन ठोकळे, दोन खिळे आणि एक काठी. बंद पडला की त्याचे दुसऱ्याच दिवशी सरपण होते. म्हणून गावात कातारी आडनावाचे घर असेल तर शोधकाने तिथे वस्तू मागू नयेत. पडवीच्या कोपऱ्यात ठोकळे पडले आहेत का, ते विचारावे, आणि घरात कोणी वृद्ध असतील तर त्यांना ते धरून दाखवायची विनंती करावी.

सापडलेली वस्तू पाण्यात भिजवू नये, उन्हात ठेवू नये, तिला रंग देऊ नये. कोरड्या सुती फडक्याने पुसावी. मोबाइलवर फोटो काढताना बुडाचा आणि दोन्ही टोकांचा फोटो आधी काढावा.

आणि एवढे करूनही हाती काहीच लागले नाही, तर सरळ एक नवे लाटणे विकत घ्यावे, कुणी कातले ते दुकानदाराला विचारावे, आणि टोकाला पेन्सिलने नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवावी. आणखी शंभर वर्षांनी शोधायला निघणाऱ्याची तेवढीच सोय.