कापताना परका, ओळखताना घरचा

आयकर खात्याने आपल्या सर्वांत सोप्या फॉर्मचे नाव ‘सहज’ ठेवले आहे. त्याच्या भावाचे नाव ‘सुगम’. पगारदाराने सहज भरावा, छोट्या दुकानदाराने सुगम. दोघेही फक्त भारतात राहणाऱ्यांचे. वर्षातले १८२ दिवसही ज्याचे भारतात गेले नाहीत, त्याच्या वाट्याला सहसा येतो आयटीआर-२. या फॉर्मला नाव ठेवायच्या भानगडीत कोणी पडलेले नाही. नावे ठेवायचे काम बहुधा भरणाऱ्यांवर सोपवले असावे.

समजा, स्टुटगार्टला मोटारींच्या कारखान्यात नोकरी करणारा, मूळचा मिरजेचा एक इंजिनिअर आहे. घरी त्याला काहीही म्हणत असोत, खात्याच्या लेखी तो ‘अनिवासी’. त्याची भारतातली मिळकत एवढीच, की वडिलांच्या आग्रहाखातर बँकेत एक एनआरओ मुदतठेव आहे आणि २०२४-२५ मध्ये तिच्यावर ८०,००० रुपये व्याज मिळाले. तेवढीच ठेव मिरजेत राहणाऱ्या त्याच्या चुलतभावाचीही आहे. त्याने १५जी फॉर्मवर सही केली आणि करपात्र उत्पन्न नाही म्हणून त्याचा एक रुपयाही कापला गेला नाही. अनिवासीला १५जी चालत नाही. त्याचे पहिल्या रुपयापासून ३० टक्के कापतात, वर चार टक्के सेस, एकूण ३१.२. हिशेब २४,९६० रुपयांचा झाला.

त्या वर्षी नव्या कररचनेत तीन लाखांपर्यंत त्यालाही कर नव्हता. म्हणजे देणे शून्य. पण ते शून्य आहे हे सरकारला पटवून आपलेच पैसे परत मागायचे, तर आयटीआर-२ला पर्याय नाही. (जर्मनीशी झालेल्या करारानुसार व्याजावर १० टक्केच कापून घेता आले असते. त्यासाठी तिकडच्या कर कार्यालयाचा दाखला आणि इकडचा १०एफ फॉर्म बँकेला वेळेत द्यायला हवा होता. हे त्याला कळले तेव्हा पैसे कापून झाले होते.)

फॉर्म उघडताच पहिला प्रश्न मुक्कामाचा. गेल्या वर्षी भारतात किती दिवस होता? आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून किती? मग पासपोर्ट निघाला, पुसट शिक्के दिव्याखाली धरले गेले, बायकोच्या फोनमधल्या फोटोंच्या तारखा पाहिल्या गेल्या. बहिणीचे लग्न १९ दिवस, गणपती ११, वडिलांचा मोतीबिंदू १४. माहेरी आलेल्या लेकीचे दिवससुद्धा कोणी इतके काटेकोर मोजत नाही.

इथवर सरकारला त्याचे अनिवासीपण अगदी मान्य आहे. पंचाईत होते ती त्याची ओळख पटवताना. तेव्हा तो कधी देश सोडून गेलाच नव्हता, असे धरून चाललेले असते.

पॅनचेच पाहा. पॅन आधारशी जोडण्याच्या सक्तीतून अनिवासींना सूट आहे. पण खात्याच्या दप्तरी ज्यांची नोंद ‘निवासी’ अशीच राहून गेली होती, त्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. त्यावर खात्याचा खुलासा आला, की अशा अनिवासींनी आपल्या कर निर्धारण अधिकाऱ्याला कागदपत्रांसह कळवावे. आपण परदेशात राहतो, हे.

आणि ओटीपी. रिटर्न भरून झाले तरी ते ३० दिवसांत पडताळावे लागते, आणि त्यातला सर्वांत सोपा मार्ग आधारचा. आधारचा ओटीपी भारतीय नंबरवरच येतो. इंजिनिअरचा तो नंबर मिरजेला फ्रिजवर ठेवलेल्या जुन्या फोनमध्ये आहे. स्टुटगार्टला दुपारचे साडेचार, मिरजेत रात्रीचे आठ. म्हणजे मालिकेची वेळ. ओटीपीची मुदत पंधरा मिनिटे.

“बाबा, आला का मेसेज?”

“आला.”

“काय लिहिलंय?”

“रिचार्ज संपत आलाय म्हणतोय.”

“तो नाही हो. सहा आकडे असतील.”

“थांब, चष्मा आणतो. तुझी आई म्हणते, ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो.”

आईचे काही चुकत नाही. बँका तिला रोज तेच बजावतात.

हा मार्ग बंद पडला, तर आणखी एक आहे. पोचपावती छापायची, सही करायची आणि पोस्टाने बेंगळुरू ५६०५०० या पत्त्यावर धाडायची. ऑनलाइन रिटर्नची वाट अशी स्टुटगार्टच्या टपाल कचेरीवरून जाते.

या सगळ्यात तारीख टळेल, ही भीती अनाठायी ठरली. २०२५ साली ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर झाली. मग १५ तारखेला रात्री उशिरा, लोक पोर्टलशी झटापट करत असताना, ती १६ सप्टेंबर झाली. एका दिवसाची वाढ! शिवाय हा बदल करून घेण्यासाठी पोर्टल रात्री बारा ते अडीच देखभालीकरता बंद राहील, असेही त्याच निवेदनात होते. मिळालेल्या चोवीस तासांपैकी अडीच तास असे मुळातच वजा. जर्मनीत तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजत होते. अनिवासीने ताट वाढून घेतले.

दुसऱ्या दिवशी, चष्मा डोळ्यांवर ठेवूनच बाबांनी सहा आकडे वाचून दाखवले आणि रिटर्न एकदाचे पडताळले गेले. नोव्हेंबरात रिफंड जमा झाला: २४,९६० रुपये, आणि त्यावर दरमहा अर्धा टक्का दराने आठ महिन्यांचे ९९६ रुपये व्याज. सरकारकडून व्याज मिळाल्याचा आनंद घरात संध्याकाळपर्यंत टिकला. मग सीएचा फोन आला. रिफंडवरचे व्याज हे उत्पन्न आहे, ते पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचे आहे, फॉर्म अर्थातच आयटीआर-२.

बाबांनी फ्रिजवरचा फोन खाली काढला आणि त्यात ३६५ दिवसांचा रिचार्ज मारला.