पाणीवाले काका

बेंगळुरूच्या येलहंक्यात रविवारी पहाटे बल्लारी रोडवर दोनच जातीची माणसं दिसतात. एक विमानतळाकडे निघालेली आणि दुसरी नंदी हिल्सकडे. विमानतळवाल्यांच्या डोळ्यांवर झोप असते; नंदीवाल्यांच्या डोळ्यांवर, उजाडायच्या आतच, गॉगल असतो. चाळीसेक किलोमीटर सायकल मारायची, १४७८ मीटर उंचीच्या डोंगरावर चढायचं, वर फोटो काढायचा आणि इडली खायला परत यायचं. इडली येलहंक्यातही मिळते हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

माझं सबंध आयुष्य चाकांत गेलं. इथल्या रेल्वेच्या चाक कारखान्यात मी नोकरीला. १९८४ साली सुरू झालेल्या या कारखान्यात वितळलेलं पोलाद साच्यात ओततात आणि चाक बाहेर पडतं. ते हलवायला क्रेन लागते. त्यामुळे माझ्या पुतण्याने, करंगळीवर उचलता येईल असं कार्बनचं सायकलचं चाक विकत आणून त्याची किंमत सांगितली, तेव्हा मी आधी चाकाकडे आणि मग त्याच्याकडे संशयाने पाहिलं. वजनाच्या हिशेबाने आमच्या कारखान्याला तो भाव मिळाला असता तर आम्ही सगळे आज स्वित्झर्लंडमध्ये असतो.

पुतण्या मूळचा कोल्हापूरचा, हेब्बाळजवळ मान्यता टेक पार्कात नोकरीला. कोल्हापूरकरांना आधी तालमीचं वेड होतं, आता राजाराम तलावात पोहून, सायकल हाणून, वर धावायचंही वेड लागलंय. तो गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये उतरणार होता. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं, आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत. मैलात बेरीज केली की ७०.३ येते, किलोमीटरमध्ये केली की ११३ आणि धाप.

रात्री जेवताना मी म्हणून गेलो, ‘मलाही करून बघायला पाहिजे एकदा.’ बायकोने वरण वाढता वाढता हात थांबवला. पुतण्या मात्र गंभीरपणे म्हणाला, ‘काका, आधी एकदा व्हॉलंटिअर व्हा. पाणी वाटा. लोकांची काय अवस्था होते ती जवळनं बघा. मग ठरवा.’

सल्ला शहाणा होता, कारण या खेळाचा जन्मच पाणी देणाऱ्यांच्या घोटाळ्यातून झालाय. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पूर्ण केली. रस्त्यात पाण्याची टेबलं वगैरे काही नव्हतं; ज्याने त्याने आपापले मदतनीस आणायचे. जॉन डनबार नावाच्या गड्याच्या मदतनिसांजवळचं पाणी धावण्याच्या टप्प्यात संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. तो गॉर्डन हॅलरच्या मागे साधारण अर्ध्या तासाने, दुसरा आला. बिअरमुळे दुसरा आला की बिअर पिऊनही दुसरा आला, यावर मला अजून निर्णय देता आलेला नाही. पण पाण्याच्या टेबलामागे कोण उभं आहे याला महत्त्व असतं, एवढं नक्की.

२०२४ ची शर्यत २७ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर होती. पुतण्या सायकल गाडीच्या टपावर बांधून पुढे गेला. मी यशवंतपूरहून वास्कोची गाडी धरली. ती दुपारी सुटते आणि पहाटे पोचते, त्यामुळे प्रवासातलं एकमेव बघण्यासारखं ठिकाण, म्हणजे दूधसागर, ती अंधारात ओलांडते. माझ्या समोरच्या बाकावर एक काटकुळा तरुण होता. तुमकुरूला त्याने दहीभात खाल्ला, अर्सिकेरेला लेमन राइस, दावणगेरेला पुन्हा भात. हुबळीला त्याने उकडलेले बटाटे काढले. मी काही विचारायच्या आत म्हणाला, ‘कार्ब लोडिंग, अंकल.’ आमच्याकडे श्राद्धाला याहून जास्त लोडिंग होतं, पण दुसऱ्या दिवशी कुणी पोहायला जात नाही.

कॅसलरॉकला मात्र मी जागा झालो. पुढे कुळेपर्यंत घाटाचा उतार १ : ३७ चा आहे, म्हणून गाडी खाली सोडण्याआधी तिथे ब्रेक तपासतात. मध्यरात्री खिडकीला कान लावून मी खालचा आवाज ऐकत होतो. कार्बवाल्याने डोळे किलकिले करून विचारलं, ‘काय झालं?’ म्हटलं, ‘काही नाही, घरचंच माणूस आहे खाली.’

पणजीच्या मिरामारला पोचल्यावर मला टी-शर्ट, टोपी आणि एक तरुण बाई मिळाली. म्हणजे आमच्या टेबलाची प्रमुख. तिने नियम सांगितले. पेला अर्धाच भरायचा. वरच्या कडेला चिमटीत धरायचा, हात लांब करायचा, आणि जे हातात असेल त्याचं नाव मोठ्याने ओरडायचं: पाणी, इलेक्ट्रोलाइट, कोला, केळं. धावणाऱ्याने पेला पकडला की आपण सोडायचा, ओढाताण करायची नाही. टेबलावर आहे तेवढंच द्यायचं, घरून आणलेलं काहीही नाही. शेवटचा नियम सांगताना ती माझ्या पिशवीकडे बघत होती. पिशवीत बायकोने दिलेला चकल्यांचा डबा होता आणि झाकणाच्या फटीतून वास येत होता.

सकाळी आधी पोहणं बघायला मिळालं. रंगीत टोप्या घातलेली माणसं थोड्या थोड्या अंतराने समुद्रात शिरत होती. पाणी कोमट, म्हणून रबरी सूट नाहीत, त्यामुळे कुणाचं पोट किती आहे हे साऱ्या पणजीला समजत होतं. माझ्यापेक्षा मोठं पोट असलेली निदान तीन माणसं मी मोजली आणि उत्साह वाढला. तिघंही आधी निघून गेलेल्या सायकलवाल्यांत दिसली तेव्हा उत्साह थोडा कमी झाला. सायकलीपाशी एक जण हेल्मेटचा पट्टा न लावताच सायकल उचलायला गेला. ‘आधी पट्टा!’ म्हणून पंच ओरडले. पट्टा लागेना. तो म्हणाला, ‘बोटं कुठं गेली?’ बोटं होती, फक्त समुद्रातून अजून पूर्ण परत आली नव्हती.

मग ऊन चढलं आणि आमची पाळी आली.

लहानपणी मी लग्नांत पंगतीला पुष्कळ वाढलंय. पण तिथे जेवणारा मांडी घालून जागेवर असतो. इथे पंगतच पळत येते. पहिले आले ते देवासारखे गेले: पेला घेतला, प्यायले, ‘थँक यू’. मधले आले ते माणसांसारखे होते. मात्र बाराच्या पुढे जी येऊ लागली त्यांचं मला अजून वर्णन करता येत नाही. एकाने दोन्ही हातांत पेले घेतले, कोला डोक्यावर ओतला आणि पाणी प्यायला. थोडं पुढे जाऊन थांबला, केस चाचपले आणि माझ्याकडे असा बघत राहिला की कोला मीच ओतलाय. एका बाईंना मी केळं दिलं तर त्यांनी ‘सोलून द्या ना’ म्हटलं, अगदी आईला सांगावं तसं. मी सोलून दिलं. एक गृहस्थ टेबलाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, ‘बर्फ.’ बर्फ दिला. तो त्यांनी टोपीत भरला, टोपी घातली आणि डोळे मिटले. ‘अजून काही?’ म्हटलं तर म्हणाले, ‘मला इथंच राहू द्या.’

आता आग्रह हा आपल्या रक्तातला. ‘अजून एक घ्या, लांब जायचंय’ हे वाक्य तोंडातून निघतंच. प्रमुख बाईने मला दोनदा समज दिली की लोकांना थांबवून खाऊ घालू नका, त्यांची वेळ चाललीय. पण त्यांना तर थांबायचंच होतं! मी म्हटलं, ‘घ्या हो,’ की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा तो केळ्याचा नव्हता, परवानगीचा होता.

पुतण्या पहिल्यांदा आला तेव्हा जोरात होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा चेहरा खडूचा झाला होता. त्याने पाणी घेतलं नाही, कोला घेतला नाही. खाली वाकून माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं.

‘चकली.’

‘नाही देता येत रे. नियम आहे.’

‘ओ काका, द्या की एक! मीठ संपलंय अंगातलं.’

‘इलेक्ट्रोलाइट घे. त्यातही मीठ आहे.’

‘काकूंनी माझ्यासाठी दिली असणार ती!’

हे खरं होतं. प्रमुख बाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी हात लांब करून, पेला चिमटीत धरून, नियमाप्रमाणे मोठ्याने ओरडलो, ‘इलेक्ट्रोलाइट!’ त्याने तो घेतला, प्यायला आणि जाता जाता जे बोलला ते खास कोल्हापुरी होतं. ते इथे छापता येणार नाही. शेजारचे गोव्याचे व्हॉलंटिअर म्हणाले, ‘तुमच्या ओळखीचे?’ म्हटलं, ‘हो. खेळाडूंचा ताण फार असतो.’

आमचं टेबल आवरलं तेव्हा माझे पाय गेलेले, आवाज बसलेला आणि टी-शर्ट कोल्याने चिकट. धावणाऱ्यांना निदान पदक मिळतं. बेंगळुरू दक्षिणचे खासदार तेजस्वी सूर्या त्या दिवशी ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंदांत पोचले, मर्यादेच्या अडीच मिनिटं आधी. संसदेत वेळ संपत आली की भाषण कसं उरकायचं, याची सवय कामी आली असावी. पुतण्याही वेळेत पोचला. पदक गळ्यात घालून तो वाळूत आडवा पडला होता. मी डबा उघडून शेजारी ठेवला. त्याने डोळे न उघडता एक चकली घेतली, दुसरी घेतली, चौथीनंतर बोलला. ‘काका, मग? काय ठरवलं?’

ठरवलं ते असं, की टेबलाच्या मागे उभं राहून दमण्यापेक्षा पुढून दमलेलं बरं. तिथे निदान कुणीतरी केळं सोलून देतं. बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘पोहता येतं का तुम्हाला?’ एवढा साधा मुद्दा त्या गर्दीत कुणाच्याच लक्षात आला नव्हता.

सध्या मी येलहंक्याच्या एका तलावात, म्हणजे २५ मीटरच्या, निळ्या फरशीच्या तलावात, सकाळी जातो. शिकवणारा मुलगा माझ्या पुतण्याहून लहान आहे. त्याने विचारलं, ‘अंकल, टार्गेट काय?’ म्हटलं, ‘समुद्रात १.९ किलोमीटर.’ त्याने तलावाकडे बघून मनात भागाकार केला. ‘म्हणजे इथल्या ७६ लांब्या.’ मी मान डोलावली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग फार आदराने म्हणाला, ‘ओके अंकल. निधान, निधान, सावकाश. आधी तो दांडा सोडा.’