कलेची गोडी, फीसह

मुलांना जिवंत कला दाखवायला हवी, यावर यवतमाळात सगळ्यांचं एकमत आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत ‘लिटल थिएटर’ काढून बालनाट्याचा पाया घातला. आपण स्नेहसंमेलनात लेकराला सिनेमाच्या गाण्यावर नाचवून कळस चढवला. पालकही हजर असतात, फक्त मोबाइलमधून बघतात.

तिकडे केळापूर, झरी जामणीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, दिवाळीत दंडार हे लोकनृत्यनाट्य रंगतं. ढोल घुमतो, लेकरं पुढ्यात बसून बघतात, पेंगतात, उठून ठेकाही धरतात. वयोगट नाही, फी नाही, प्रमाणपत्र नाही! अशानं मुलाचा सर्वांगीण विकास व्हायचा कसा? त्यापेक्षा शहरात ‘लोककला अनुभव शिबिर’ भरवू. दंडारवाल्यांना दहा मिनिटं देऊ. पाहुण्यांची भाषणं लांबली, तर पाच.